मंगळाची रात्रपाळी

कथाखेळ पहिल्यांदा खेळायला एकदाच मिळतो. पुन्हा सुरू केला की कुठल्या दाराआड काय आहे आणि कुणाचं बोलणं खरं मानायचं नाही, हे आधीच ठाऊक असतं. ज्याने तो लिहिला त्याला तर ही पहिली वेळ कधीच मिळत नाही. सगळे फाटे आणि सगळे शेवट त्याच्या डोक्यात एकाच वेळी उघडे असतात, त्यामुळे स्वतःच्या गोष्टीत त्याची वाट चुकूच शकत नाही. दुसऱ्याची कुठे चुकेल हे त्याला कळावं कसं? म्हणून तो दुसऱ्याचं अजाणपण मागून घेतो. प्लेटेस्टर, म्हणजे खेळ बाहेर पडण्याआधी तो खेळून बघणारा, त्याला देतो ते हेच, आणि एकदा दिलं की ते संपतं.

एका तरुण मित्राच्या विज्ञानकथेच्या खेळाची मी सध्या टेस्टर आहे. माझा पेशा मुद्रितशोधनाचा. पुण्यातल्या प्रकाशकांची पुस्तकं आणि दिवाळी अंकांचे मजकूर वर्षानुवर्षं माझ्या टेबलावरून जात आले आहेत, त्यात विज्ञानाचं बरंच असतं. ओळख तिथलीच. त्याचा एक लेख तपासायला आला होता आणि त्यातल्या एका आकड्यावरून आम्ही फोनवर तासभर बोललो होतो. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेला हा मुलगा दिवसा हिंजवडीत नोकरी करतो आणि घरी आल्यावर खेळ लिहितो. मला ताई म्हणतो. "ताई, तुम्ही खेळून बघाल का? पण छान आहे एवढंच सांगू नका," असं त्याने विचारलं, तेव्हा दुसऱ्या वाक्यासाठी मी हो म्हटलं.

हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: स्क्रीनवर एक परिच्छेद येतो, खाली दोन-तीन पर्याय असतात, तुम्ही निवडाल त्याप्रमाणे गोष्ट पुढे सरकते. चित्रं नाहीत, गोळीबार नाही, वाचायचं आणि ठरवायचं. तो ट्वाइन वापरतो. ख्रिस क्लिमासने २००९ साली आणलेलं हे साधन फुकट आहे आणि त्यात बनवलेला खेळ कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतो. लिहिणाऱ्याच्या पडद्यावर प्रत्येक परिच्छेदाचा एक चौकोन दिसतो आणि चौकोनाकडून चौकोनाकडे बाण गेलेले असतात. याच्या आधीची तऱ्हा होती आज्ञा टाइप करून खेळायची. १९७०च्या दशकाच्या मध्यावर विल क्राऊदर या अमेरिकन प्रोग्रामरने केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहांवर तसा एक खेळ लिहिला. तो स्वतः गुहांमध्ये उतरणारा होता, आणि खेळ लिहिला तो आपल्या मुलींसाठी. संगणकाशी संबंध नसलेल्या माणसालाही तो खेळता यावा अशी त्याची इच्छा होती. या साहित्यप्रकाराच्या अगदी मुळाशी अजाण खेळाडू बसलेला आहे, ही गोष्ट मला फार आवडते.

माझ्या मित्रालाही आधी टाइप करायचाच खेळ हवा होता. मराठीने ते सोपं होऊ दिलं नाही. 'दिवा घे' एवढं यंत्राला शिकवता येतं, पण खेळाडू 'दिव्याखाली बघ', 'दिव्यातलं तेल ओत' असंही लिहिणार. प्रत्येक नामाचं सामान्यरूप, त्यावर विभक्ती, त्यावर शब्दयोगी अव्यय, आणि शब्दांचा क्रम हवा तसा. एकट्या माणसाने संध्याकाळच्या वेळात करायचं हे काम नव्हे. त्याने पर्यायांचा मार्ग धरला आणि ते बरंच झालं, कारण त्याची ताकद वाक्यात आहे.

गोष्ट घडते खोडदला. पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगावला गेलं की जवळच हे गाव. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तिथे आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या द्राक्षबागा आणि उसाच्या शेतांमध्ये विखुरलेल्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्कियापारेल्ली हे यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा अतिशय क्षीण सिग्नल खोडदला ऐकला जात होता. उतरायला थोडा वेळ राहिला असताना तो तुटला. यान आदळून नष्ट झाल्याचं पुढे स्पष्ट झालं. हे वाचल्यापासून माझ्या मित्राच्या मनात एक प्रश्न राहिला: त्या यानात माणसं असती तर, आणि त्या रात्री आपण खोडदला हेडफोन लावून बसलो असतो तर?

त्याच्या खेळात काही दशकांनंतरचा काळ आहे. मंगळावर माणसांचा छोटा तळ आहे, त्यांचा संदेश-उपग्रह निकामी झाला आहे आणि आणीबाणीसाठी ठेवलेला एक दुबळा ट्रान्समीटर तेवढा चालू आहे. इतका दुबळा आवाज ऐकू शकणाऱ्या पृथ्वीवरच्या मोजक्या कानांपैकी एक खोडद. खोडद मात्र फक्त ऐकतं, बोलू शकत नाही. उत्तर पाठवायचं तर ते बंगळूरुजवळच्या ब्यालालूहून, इस्रोच्या ३२ मीटरच्या अँटेनातून जातं. तुम्ही खोडदच्या ड्युटीवर आहात. तळावरची डॉक्टर बोलते, तुम्ही ऐकता, ठरवता, आणि तुमचं ठरवणं ब्यालालूमार्गे निघतं.

पहिलं बिल्ड, म्हणजे खेळता येईल अशी पहिली आवृत्ती, आलं तेव्हा मी वही घेऊन बसले. माझी पद्धत अशी: खेळत असतानाच लिहायचं, खेळून झाल्यावर नाही. संपल्यावर मन गोष्टीला आपोआप नीट करून टाकतं, कंटाळलेली जागा विसरतं, गोंधळाला अर्थ लावून मोकळं होतं. लेखकाला उपयोग असतो तो त्या क्षणीच्या गोंधळाचा. संगणकाचा वापर तपासणारे लोक माणसाला काम करता करता मोठ्याने बोलायला सांगतात, ते यासाठीच. आयबीएममधल्या क्लेटन लुईसने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ही रीत त्या क्षेत्रात रुळवली. मला एकटीला मोठ्याने बोलायला जमत नाही, म्हणून वही. त्यात लिहिलेलं असं असतं: इथे दोन ओळी गाळून पुढे गेले. इथे दोन्ही पर्याय मला एकच वाटले. इथे वाटलं जनरेटर बंद पडणार, पडला नाही, हिरमोड झाला. इथे डॉक्टर खोटं बोलते आहे अशी शंका आली. ही शंका त्याला हवी होती का, ते मला माहीत नाही. पण आली, हे त्याला कळायला हवं.

'असं करा' हे मी लिहीत नाही. पुण्यात अभिप्राय देण्याची मोठी परंपरा आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. भरत नाट्य मंदिराबाहेर एकांकिका संपल्यावर जी चर्चा रंगते तिच्यातून पिढ्या घडल्या आहेत. पण त्या चर्चेत एक वळण नेहमी येतं. बोलणारा स्वतःच्या मनातलं नाटक सांगू लागतो: शेवट असा हवा होता, बापाचं पात्र काढूनच टाका. ऐकणारा तरुण लेखक मान हलवत राहतो आणि ज्या जागी प्रेक्षक खुर्चीत चुळबुळले ती जागा त्याला कुणीच दाखवत नाही. चुळबुळ ही खरी बातमी, शेवट कसा हवा होता हे सांगणाऱ्याचं लेखन. आणि 'छान जमलंय' हे तर दार लोटून घेणं आहे. त्यामागे प्रेम असतं, पण हातात काही पडत नाही.

आता त्या खेळातल्या दोन-तीन जागांविषयी सविस्तर लिहिते, कारण त्यांच्यातूनच हे सगळं मला उमगत गेलं.

पहिली जागा वाट पाहण्याची. प्रकाश आणि रेडिओलहरी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. मंगळ सर्वांत जवळ येतो तेव्हा साधारण साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो, म्हणजे संदेशाला तीन मिनिटं लागतात. सर्वांत दूर असतो तेव्हा चाळीस कोटींवर, म्हणजे बावीस मिनिटं. प्रश्न जायला बावीस, उत्तर यायला बावीस. त्याने खेळात एका बाजूला एकवीस मिनिटं धरली होती. पहिल्या बिल्डमध्ये तुम्ही पर्याय दाबला की पुढचा परिच्छेद सुरू व्हायचा, 'बेचाळीस मिनिटांनी उत्तर आलं', आणि लगेच उत्तर. विज्ञान बरोबर होतं. वहीत मी लिहिलं: 'मी वाट पाहिली नाही.'

एवढंच. या चार शब्दांवर तो बरेच दिवस बसला. खरोखरीचं घड्याळ लावून खेळाडूला थांबवून ठेवायचं का, हा विचार त्याने केला आणि सोडला. मोबाइलवर वाचणारा माणूस दुसरीकडे जाईल आणि परत येणार नाही. मग त्याने त्या मधल्या वेळात खोडद भरलं. नोंदवही लिहायची असते. शेजारच्या शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमधून ठिणग्या उडतात आणि पडद्यावरचा गोंगाट वाढतो, कारण रेडिओ दुर्बिणीला ठिणगीही ऐकू येते. दूर नारायणगावच्या जत्रेत तमाशा उभा राहिलेला असतो. आणि या वेळात एक पर्याय सतत स्क्रीनच्या तळाशी असतो: आणखी एक संदेश पाठवा.

तो पर्याय मी दाबला. तळावरच्या एका आजारी माणसाला कुठलं औषध द्यायचं यावर ब्यालालूहून सल्ला जाऊन दहा मिनिटं झाली होती, मनात शंका आली आणि मी सल्ला बदलला. मग आधीच निघालेलं डॉक्टरचं बोलणं येऊन पोहोचलं, आणि त्यातून कळलं की पहिलाच सल्ला बरोबर होता. माझी दुसरी सूचना तोवर अंतराळात होती, तिला कुणी थांबवू शकत नव्हतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. वहीत लिहिलं: 'आता वाट पाहिली.' विज्ञानकथेत विज्ञान कुठे असावं, यावर मी पुष्कळ परिसंवाद ऐकले आहेत. माझ्या मते ते अशा जागी असावं, जिथे निसर्गाचा एखादा नियम माणसाच्या छातीवर येऊन बसतो.

दुसरी जागा रात्रीची. सगळी गोष्ट मध्यरात्री घडत होती. थंडी, कंट्रोल रूमच्या खिडकीबाहेर काळोख, वर चांदण्या, आणि संदेशाला एकवीस मिनिटं. वातावरण सुंदर होतं. पण मुद्रितशोधकाच्या डोळ्याला सवय असते की एका पानावरचा आकडा दुसऱ्या पानावरच्या वाक्याला भेटतो का ते बघायचं. संदेशाला एकवीस मिनिटं लागत असतील तर मंगळ सूर्याच्या पलीकडच्या बाजूला आहे. पलीकडे असलेला मंगळ आकाशात सूर्याच्या आसपास दिसणार, त्याच्यासोबत उगवणार, त्याच्यासोबत मावळणार. मध्यरात्री तो खोडदच्या पायाखाली असेल, मधे अख्खी पृथ्वी. रात्रभर डोक्यावर असणारा मंगळ म्हणजे जवळचा मंगळ, तीन ते साडेपाच मिनिटांचा.

मी लिहिलं, 'एकवीस मिनिटं आणि मध्यरात्र या दोन गोष्टी एकत्र राहू शकत नाहीत.' त्याचा फोन आला. भौतिकशास्त्राच्या माणसाला पुढचं सांगावं लागलं नाही. पण त्याला दोन्ही हवं होतं. रात्र सोडली तर गोष्टीचा एकांत जातो, एकवीस मिनिटं सोडली तर संदेशांची चुकामूक जाते आणि खेळाचा जीवच निघून जातो. मी काही सुचवलं नाही. मनात आलं नव्हतं असं नाही. पण मला सुचलं होतं ते ठिगळ होतं, आणि ठिगळ लेखकाला दिलं की त्याचा शोध तिथेच थांबतो.

काही आठवड्यांनी नवं बिल्ड आलं. गोष्ट आता एका रात्रीची उरली नव्हती, वर्षाची झाली होती. पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य आणि बरोबर विरुद्ध बाजूला मंगळ, या स्थितीपासून मंगळ सूर्याच्या पार पलीकडे जाईपर्यंत साधारण तेरा महिने जातात. सुरुवातीला मंगळ रात्रभर डोक्यावर असतो, संदेश चार मिनिटांत पोहोचतो, जवळजवळ गप्पाच होतात. महिने जातात, मंगळ लवकर मावळू लागतो, तुमची पाळी रात्रीची संध्याकाळवर आणि संध्याकाळची दुपारवर येते. प्रत्येक प्रकरणात उत्तराला थोडा जास्त वेळ लागतो. मैत्री झाली आहे आणि अंतर वाढतं आहे. शेवटी मंगळ सूर्याच्या इतका जवळ दिसू लागतो की सूर्याच्या रेडिओ गोंगाटात त्याचा आवाज बुडणार. मंगळावरच्या आजच्या यानांनाही अशा वेळी दोनेक आठवडे आज्ञा पाठवणं थांबवतात. खेळाचं शेवटचं प्रकरण म्हणजे त्या शांततेआधीचा शेवटचा दिवस. भर दुपार, ऊन, आणि एकच संदेश पाठवायला वेळ.

हे वाचून मला जो आनंद झाला तो सांगायला हवा. माझं वाक्य एका ओळीचं होतं. त्यातून निघालेली वर्षभराची रचना त्याची, पूर्णपणे त्याची. माझं ठिगळ त्याने ऐकलं असतं तर ती मिळाली नसती.

तिसरी जागा माझ्यासाठी सर्वांत जिव्हाळ्याची, आणि मराठीत असा खेळ लिहिणाऱ्या प्रत्येकाला ती लागणार. खेळ खेळाडूशी बोलतो. त्याने 'तू' वापरलं होतं. पहिल्याच परिच्छेदात वाचलं, 'तू खुर्चीवर बसलास.' मी बसले नव्हते. कुणीतरी दुसराच, एक पुरुष, माझ्या खुर्चीवर बसला होता आणि मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. इंग्रजीत हा प्रश्न येतच नाही, तिथे क्रियापद तुम्हाला विचारत नाही. मराठीत प्रत्येक 'आलास', 'दमलास', 'घाबरलास' बाई वाचकाला खोलीतून बाहेर काढतं. मी त्याला फक्त जागा दाखवल्या: कुठल्या वाक्याला मी बाहेर पडले आणि कुठल्या वाक्याला परत आत आले.

ती यादी आम्ही माझ्या एरंडवण्यातल्या घरी बसून पाहिली आणि त्यात एक मजेशीर गोष्ट दिसली. मी परत आत येत होते ती वाक्यं अशी होती: 'तू दार उघडलंस', 'तू हेडफोन लावलेस', 'तू नोंद केलीस'. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माच्या मागे जातं, कर्त्याचं लिंग बघत नाही. 'तू चहा केलास' हे बाईलाही म्हणतात आणि पुरुषालाही, कारण 'केलास' चहासाठी आहे. पण चहा 'प्यायलास' म्हटलं की पुन्हा मी बाहेर. मग तो वाक्यं फिरवू लागला. 'तू उठलास' च्या जागी 'तू खुर्ची मागे सारलीस'. 'तू घाबरलास' च्या जागी 'हात थरथरतात'. खेळ अधिक चांगला झाला, कारण भावनेचं नाव जाऊन तिथे कृती आली. पण सगळीकडे हे जमत नाही, काही ठिकाणी वाक्य अवघडून उभं राहतं. 'तुम्ही' वापरून पाहिलं. 'तुम्ही बसलात' दोघांनाही चालतं, पण रात्री एकटं असताना स्वतःच्याच मनातला आवाज कुणी 'तुम्ही' म्हणून ऐकत नाही. तो आवाज सभेतल्या सूत्रसंचालकाचा झाला. शेवटी त्याने सुरुवातीलाच ड्युटीच्या नोंदवहीत सही करायचा प्रसंग घातला. तिथे खेळाडू 'आलो' किंवा 'आले' यातलं एक निवडतो, खेळ ते लक्षात ठेवतो आणि पुढची अडलेली वाक्यं तशी बदलतात. कष्टाचं काम आहे. प्रत्येक वाक्याच्या पोटात दोन रूपं ठेवायची आणि दोन्ही तपासायची. ते तपासणं मी आवडीने केलं. कुणी मराठीत असं काही लिहीत असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, हे काम पहिल्या परिच्छेदापासून करा.

फाट्यांचा हिशेबही सांगण्यासारखा आहे. खेळाडूला वाटतं की प्रत्येक निवडीला वेगळी गोष्ट असावी. दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय आणि वाटा कधीच परत एकत्र आल्या नाहीत, तर १०२४ शेवट होतात आणि २०४७ परिच्छेद लिहावे लागतात. प्रत्येकी तीनशे शब्द धरले तरी सहा लाखांवर शब्द. म्हणून वाटा एकत्र आणाव्याच लागतात. दुसऱ्यांदा खेळताना मला अशी एक जागा सापडली: 'तिला खरं सांगा' आणि 'तिला धीर द्या' हे दोन्ही पर्याय एकाच परिच्छेदात पोहोचत होते. मी वाटा जुळल्या म्हणून तक्रार केली नाही. माझी नोंद होती, 'मी तिला खरं सांगितलं होतं, आणि ते तिच्या लक्षात नाही.' आता त्या परिच्छेदात काही बदललेलं नाही, पण दोन प्रकरणांनंतर, मंगळावरच्या एका वाईट दिवशी, डॉक्टर बाकी सगळ्यांना सोडून तुम्हाला विचारते, कारण तुम्ही मागे खरं बोलला होता. एक वाक्य पुरलं.

माझ्या एकटीच्या वाचनाला मर्यादा आहेत. खेळ आणखी काही जणांनी खेळला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका प्रत्येक फाटा मागे जाऊन उघडून बघायचे, त्यांना गोष्टीपेक्षा जोडण्या बघायच्या होत्या, आणि त्यांनी कुठेच न जाणारे तीन बाण शोधून दिले. जुन्नर तालुक्यातल्या, पुण्यात शिकणाऱ्या एका मुलीने खेळून एकच प्रश्न विचारला: ही व्यक्ती रात्री एकटी तबकड्यांमधून चालत का जाते आहे? जुन्नरचा ऊस म्हणजे बिबट्यांचं घर. माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे. संध्याकाळनंतर तिकडे कुणी विचार केल्याशिवाय बाहेर पडत नाही, पडलंच तर बॅटरी आणि सोबत घेऊन. माझा मित्र आणि मी, दोघंही पुण्यातले, आम्हाला तो प्रसंग कवितेसारखा वाटला होता. आता त्या प्रसंगात बिबट्या येत नाही, पण खेळाडूच्या हातात बॅटरी आहे, आणि बाहेर पडायचं की नाही हीच एक निवड झाली आहे.

ओळखीचा माणूस खरं सांगेल का, हा प्रश्न मात्र राहतोच. मराठी विज्ञानकथेत याचं एक सुंदर उदाहरण आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला कथा पाठवली तेव्हा ते जगप्रसिद्ध होते. त्यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मला त्यातलं बक्षीस तितकं मोठं वाटत नाही. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला, आपल्या नावाशिवाय आपली गोष्ट उभी राहते का, हे खरोखर जाणून घ्यायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी एवढी खटपट केली, हे मोठं. माझ्या मित्राचं नाव कुणाला माहीत नाही, त्याची अडचण वेगळी आहे: त्याला ओळखणारे सगळे त्याच्यावर माया करतात. म्हणून हल्ली बिल्ड माझ्याकडून पुढे जातं, लेखक कोण हे न सांगता. येणारे शब्द जरा कठोर असतात. तो ते सगळे वाचतो आणि छापून कपाटाच्या दारावर लावतो.

सध्या आमचं एका गोष्टीवर एकमत नाही. ताज्या बिल्डमधून त्याने 'मागे' हे बटण काढून टाकलं आहे. त्याचं म्हणणं, निघालेली रेडिओलहर परत बोलावता येत नाही, मग खेळाडूला ती सवलत का? जोडण्या तपासणाऱ्या काकांना हे मुळीच पटलेलं नाही. मला त्याचा मुद्दा पटतो, आणि तरी त्रास होतो. हा खेळ बहुतेक जण मोबाइलवर, पीएमपीच्या बसमध्ये उभ्याने खेळणार आहेत. पर्याय एकाखाली एक, जवळजवळ. येत्या महिन्यात नव्या खेळाडूंपैकी निम्म्यांना बटण असलेलं बिल्ड जाईल आणि निम्म्यांना नसलेलं, कुणाला कुठलं ते सांगायचं नाही असं ठरलं आहे. माझ्या मनात यावर एक उपाय आहे, तो मी लिहिलेला नाही. त्याला पाठवलेल्या नोंदीत एवढंच आहे: 'डेक्कनच्या वळणावर बस हलली, बोट खालच्या पर्यायावर पडलं. मी डॉक्टरला एक वाक्य बोलले जे मला बोलायचं नव्हतं. पुढचं सगळं प्रकरण मी तिची माफी मागायची जागा शोधत होते, आणि ती मला सापडली नाही.'